डाळिंबी फडकीचा पाळणा

लाकडावर लाकूड हलकेच आपटल्याचा आवाज मला आता ऐकवत नाही. सून लाटणं ओट्यावर ठेवते तेव्हाही मी उठून गॅलरीत जातो. घरच्यांना वाटतं, वय झालं. मीही तसंच वाटू दिलं आहे.

या अंकाच्या संपादकांनी मला दवाखान्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या होत्या. त्या आहेत, आणि त्यांतल्या एकदोन सांगतोही. पण त्यांनी फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आजवर मी कुणाला नीट सांगितलेली नाही.

पेठ नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर बायकांचा एक लहानसा दवाखाना होता. तिथे मी व्यवस्थापक होतो. व्यवस्थापक हा शब्द पाटीपुरता. केसपेपर काढणं, औषधं मागवणं, जनरेटरवाल्याशी भांडणं आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांना शांत ठेवणं, हे माझं काम. बाळंतपणं व्हायची, तपासण्या व्हायच्या, आणि कायद्यात बसणारे गर्भपातही व्हायचे. या शेवटच्या कामासाठी आलेली बाई ओळखायला मी लवकर शिकलो. ती टेबलाशी येऊन आधी पंख्याबद्दल नाहीतर पाण्याबद्दल बोलते. अशा वेळी आपण मान वर करायची नाही. नाव मोठ्यानं विचारायचं नाही. "नवऱ्याची सही लागेल का?" असं तिनं विचारलं, की "नाही, तुमची एकटीची पुरते," हे इतक्या हळू सांगायचं, की शेजारच्या बाकावर ऐकू जाऊ नये आणि तिला मात्र स्पष्ट कळावं. एवढी एक कला माझ्याकडे होती. तिचा मला अभिमान होता आणि आहे.

देवळाली कॅम्पातून एका जवानाची बायको यायची. शेजारणींना बाजाराला जाते म्हणून सांगायची, म्हणून सोबत खरोखरची मेथी आणायची. "काका, नंबराला वेळ आहे ना? मग निवडून टाकते." बघता बघता बाकावरच्या सगळ्या बायका मेथी निवडायला लागायच्या. आमच्या आयाबाई शकीलाबी काड्या झाडताना चिडायच्या, "दवाखाना है की भाजी मंडई? आता एक जुडी माझ्यासाठी पण ठेवा." चांदवडकडचे एक कांदा व्यापारी सुनेला घेऊन आले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "फक्त बघून सांगा. पुढचं आमचं आम्ही बघू." मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, 'येथे लिंगनिदान केले जात नाही.' ते हसले, "ती पाटी सगळीकडेच असते हो." आमच्या डॉक्टरबाई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "तुम्ही रस्त्यावर जाऊन उभे राहा. सूनबाई, तू आत ये, बी.पी. बघते तुझं."

पुढे ते गृहस्थ खरंच रस्त्यावर उभे राहिले. दवाखान्यासमोर निदर्शनं सुरू झाली तेव्हा रांगेत मला ते दिसले, हातात पाळणा घेऊन.

निदर्शनं करणारं मंडळ नलूताईंचं. नलूताई सिन्नरकडच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. वर्गातले मुलींचे बाक वर्षागणिक रिकामे होताना त्यांनी पाहिले होते आणि जिथे गर्भपात होतो तिथे मुलीच मारल्या जातात, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. डॉक्टरबाईंनी त्यांना आत बोलावून समजावण्याचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही करत नसाल, पण मला कसं कळणार?" त्यांचे लोक घोषणा देत नसत. दर मंगळवारी सकाळी यायचे, समोरच्या करंजाखाली गप्प उभे राहायचे आणि जाताना झाडाला पाळणे बांधायचे. मूल व्हावं म्हणून देवाला नवस बोलतात तेव्हा बांधतात तसले, लाकडाच्या पट्ट्यांचे, वीतभर लांब, आत जुन्या साडीचा तुकडा घातलेले. रिकामे.

घोषणा परवडल्या असत्या. पाळणे चोवीस तास तिथेच. वारा आला की एकमेकांवर आपटायचे, आणि वारा नसला तरी एखादा हलताना दिसायचा. शकीलाबी खिडक्या लावून घ्यायच्या. तरी आतल्या खोलीत भुलीतून जागी होणारी बाई डोळे उघडायच्या आधी विचारायची, "कोण झोका देतंय?" एकीनं विचारलं, दुसरीनं विचारलं. गावं वेगळी, वयं वेगळी, एकीचा दुसरीशी संबंध नाही, आणि शब्द तेच. शकीलाबी मला म्हणाल्या, "काका, ते झाड तोडायला सांगा. पेशंट घाबरतेत, मी पण घाबरते."

झाड तोडता येणार नव्हतं. मग मला एक कल्पना सुचली. त्या वेळी मला ती फार हुशारीची वाटली होती.

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांकडे जायच्या भाड्यापलीकडे काही नसे. डॉक्टरबाई फी सोडून देत, पण रक्ताची पिशवी कोणी सोडून देत नाही. मी डॉक्टरबाईंच्या वर्गमैत्रिणी आणि आमच्या जुन्या पेशंट यांचा फोनवर एक गट केला आणि लिहिलं, की मंडळ जितके नवे पाळणे बांधेल, तितक्या पटीत प्रत्येकीनं गरीब बायकांच्या उपचारांसाठी ठरलेली देणगी द्यायची. त्यांचा पाळणा, आपली मदत. दर मंगळवारी मी झाडाचा फोटो टाकायचो. हसण्याच्या खुणा यायच्या, "वा काका!" यायचं आणि देणगी यायची. दवाखान्याच्या फाटकावर मी फळाही लावला, 'पाळणे बांधणाऱ्यांचे आभार. तुमच्यामुळे गरजू स्त्रियांना मदत मिळते.' नलूताईंनी तो चष्मा पुसून वाचला, वरच्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि मान हलवत गेल्या.

गणिताच्या बाई त्या. पुढच्या मंगळवारपासून लोक आले, उभे राहिले, पण कोणी पाळणा बांधला नाही.

फोटोत नवं काही दिसेना, तसा निधी आटला. नेमक्या त्याच दिवसांत सुरगाण्याकडची एक मुलगी रक्तासाठी खोळंबली होती. डॉक्टरबाईंनी स्वतःच्या पर्समधून भागवलं आणि मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमची ती योजना छान होती हो." होती. तो शब्द मला लागला. त्या मुलीची काळजी होती, हे खरं. पण "वा काका" येणं थांबलं होतं, तेही खरं. दोन्हींत वजन कशाचं जास्त, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पंचवटीतल्या पूजासाहित्याच्या दुकानातून मी पाळणे आणले. दुकानदार म्हणाला, "काका, सुनेसाठी का?" मी हो म्हणालो. "मग एक पुरतो की. देव काय बहिरा आहे?" मी हसून पिशवी उचलली. पहाटे फिरायला निघायचं आणि दूधवाला यायच्या आत करंजाला पाळणा बांधून यायचं, असं सुरू झालं. पण आत घातलेलं कापड नवं कोरं होतं आणि फोटोत ते उठून दिसे. मंडळाच्या पाळण्यांतली कापडं वापरून मऊ झालेली, विटलेली. मला तसली हवी होती.

आमच्या धंद्यात एक गोष्ट बाहेरच्याला माहीत नसते. बायका दवाखान्यात छत्री विसरत नाहीत, चप्पल विसरत नाहीत. कापड विसरतात. येताना स्कार्फनं, ओढणीनं तोंड झाकून येतात, आत आल्यावर सोडून बाजूला ठेवतात, आणि जाताना मन ठिकाणावर नसतं. अशी कापडं धुऊन ठेवायला शकीलाबींनी एक खोका केला होता. बहुतेकींचं परत न्यायला येणं होत नसे. मी त्या खोक्यात हात घातला.

आता जिच्याबद्दल सांगायचं, तिचं खरं नाव मी सांगणार नाही. मंजुळा म्हणतो. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. पदरात मुलं होती, आणि शेवटच्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं होतं, की पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, असं सरकारी दवाखान्यात बजावलं होतं. नवरा द्राक्षबागांच्या कामावर. त्याच्याबरोबरच आली. डॉक्टरबाईंनी तपासलं, अंगात रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाल्या. टेबलाशी येऊन तिनं मला विचारलं, "दादा, दुखंल का?" मी म्हणालो, "बाई स्वतः करतात. घाबरू नका." ती म्हणाली, "मी नाय घाबरत. माझी पोरं लहान हायेत, मला जगायचं हाय." इतकं सरळ आमच्याकडे फार कमी जणी बोलत.

जाताना ती फडकी विसरली. तिकडच्या बायका लुगड्यावर डोक्याखांद्यावरून घेतात ते कापड. डाळिंबी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची. चुलीतली ठिणगी उडून एका जागी भोक पडलेलं, ते हिरव्या दोऱ्यानं रफू केलेलं.

खोक्यातल्या ढिगात ती कुणाची, हे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ओळखली असती. रंग फोटोत छान येईल, एवढंच पाहिलं. कात्रीनं मधोमध कापली, अर्धी परत खोक्यात टाकली आणि अर्धी पाळण्यात घातली. तो पाळणा खालच्या फांदीला बांधला, रस्त्यावरून नीट दिसेल असा.

मंजुळा आली ती एकटी आली. मी खिडकीतूनच तिला नाक्याकडून येताना पाहिलं आणि केसपेपर वर काढून ठेवला. फाटकाकडे वळता वळता ती थांबली. रस्ता ओलांडून झाडाखाली गेली. दुपारचं ऊन होतं, पान हलत नव्हतं. तो एकच पाळणा हलत होता. तिनं तो हातानं थांबवला, कापड ओढून घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि तिचं बोट एका जागी टेकलं. हिरवा दोरा. तेव्हा मला कळलं, की मी काय केलं आहे.

तिनं वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पडद्याआड झालो. तिला दिसलो नसेन. तिच्या बाजूनं विचार करा. विसरलेलं आपलं कापड, ज्या कामासाठी आपण आलो त्याच्या दारात, रिकाम्या पाळण्यात. कुणी बांधलं असेल? माणसानं बांधलं असेल, असं तिच्या मनात तरी कसं येणार? तिनं खाली वाकून झाडाच्या बुंध्याला हात लावला, तो कपाळाला लावला, अर्धी फडकी डोक्यावर घेतली आणि आली तशी नाक्याकडे निघाली.

खाली उतरायला मला किती वेळ लागला असता? पण उतरून तिला सांगायचं काय? हे मी बांधलं, एवढंच सांगायचं होतं. मी पडदा धरून उभा राहिलो. येईल परत, असं मनाशी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "मंजुळा नाही आली?"

"आली होती. झाडाकडे बघून परत गेली."

यातला प्रत्येक शब्द खरा होता.

ती परत आली नाही. डॉक्टरबाईंनी तिकडच्या आशाताईंमार्फत निरोप पाठवले. "देवानं नको सांगितलं" एवढंच उत्तर येई. पुढे आशाताईंचाच फोन आला. बाळंत होताना रक्त थांबलं नाही, जीप वाटेतच होती. मुलगी झाली, ती जगली. मंजुळा गेली.

डॉक्टरबाईंना मी तितकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. मंडळाच्या पाळण्यांनी घाबरवून एका बाईचा जीव घेतला, असं त्यांनी गटावर लिहिलं आणि ते सगळीकडे पसरलं. त्या वेळी जितकी देणगी आली, तितकी आधी कधी आली नव्हती. नलूताईंच्या फाटकाला कुणीतरी मोडका पाळणा टांगला. मंडळ बंद पडलं. त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. मी गप्प राहिलो. खोक्यातली उरलेली अर्धी फडकी घरी नेऊन कपाटात ठेवली. का नेली, ते मलाही सांगता येणार नाही.

मी पाळणे बांधणं थांबवलं. नलूताईंच्या माणसांनी तर केव्हाच थांबवलं होतं. तरी एका सकाळी करंजावर एक नवा पाळणा होता. मग आणखी एक. मी दूधवाल्याला विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं. कोणी कुणाला बांधताना पाहिलं नव्हतं. मंजुळानं कापड काढून घेतलेला तो उघडा सांगाडा मात्र तसाच खालच्या फांदीला होता आणि सगळ्यांत जास्त वाजत होता. एकदा मी कात्री घेऊन गेलो. हात लावल्यावर तो थांबला. बाकीचेही थांबले. सगळं झाड एकदम गप्प झालं. मी कात्री खिशात घालून परत आलो.

डॉक्टरबाई वारल्या, दवाखाना बंद झाला. शकीलाबी मुलीकडे मालेगावला गेल्या. करंजाच्या बुंध्याला आता शेंदूर आहे. मूल होत नाही म्हणून लांबून बायका येतात, पाळणा बांधतात, वाकून नमस्कार करतात. या झाडाला सगळं कळतं, असं म्हणतात. एका बाईची फडकी झाडानं मागून घेतली, ही गोष्ट एका फुलवालीनं मलाच सांगितली.

त्या दिवशी मी तसाच नलूताईंकडे गेलो. त्यांनी दार अर्धं उघडलं आणि मला ओळखलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "पाळणे जास्त आहेत, हे मला माहीत होतं. मी मोजायचे ना. मला वाटायचं, आपल्या कामाला कुणाचा तरी हात लागतोय." "आणि ती गेल्यावर वाटलं, तो हातही माझ्याच खात्यावर."

मी म्हणालो, "ताई, मला क्षमा…"

"मला कशाला? मला लोकांनी नुसत्या शिव्या दिल्या. तिच्या घरी सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडे का आलात? जवळ पडतं म्हणून?" त्यांनी दार लावून घेतलं.

पेठची एस.टी. धरून, पुढे जीपनं मी त्या पाड्यावर गेलो. मंजुळाचा नवरा बागांच्या कामावर निफाडकडे गेलेला. घरात त्याची आई होती, नागली पाखडत बसलेली. मी दवाखान्यातला, असं सांगितल्यावर तिनं सूप बाजूला ठेवून मला पाणी दिलं. मी पिशवीतून अर्धी फडकी काढून तिच्यासमोर ठेवली.

तिनं ती बराच वेळ पाहिली. मग उठून आत गेली आणि दुसरी अर्धी घेऊन आली. धुऊन धुऊन विरलेली. त्याच कापडाच्या झोळीत धाकटी वाढली होती. म्हातारीनं दोन्ही तुकडे जमिनीवर पसरले आणि कडेला कड लावली. मधोमध कापले गेलेले पिवळे ठिपके पुन्हा गोल झाले.

"तू बांधला व्हता?"

"हो."

ती चिडेल, ओरडेल, पाड्यावरच्या माणसांना बोलावेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती त्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"मंजुळा आली त लय गप व्हती. म्हनली, झाडानं माझी फडकी फाडून घेतली, आता ह्ये पोर ठेवायचंच. मी कापड हातात घेतलं. कड सरळ व्हती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "झाडानं फाडली असती त वाकडी फाटली असती. ही कात्री हाय, त्ये मला तवाच कळलं."

"मग तुम्ही तिला…"

"नाय बोलले. आधीच्या समद्या पोरीच. मला वाटलं, या टायमाला पोरगा व्हईल. म्हनलं, देवानं सांगितलं आसं तिला वाटतंय त वाटू दे. डागदरनी बोलली व्हती, जीव जाईल. मला ठावं व्हतं. तुला ठावं व्हतं?"

"हो."

"मंग झालं त."

आम्ही दोघं त्या फडकीच्या दोन बाजूंना बसून राहिलो. तिला जगायचं होतं, आणि तसं तिनं मला तोंडानं सांगितलं होतं. तिच्या जगण्याचा निर्णय तिच्या हातात होता, तो आम्ही दोघांनी काढून घेतला, मी झाडावर आणि हिनं घरात. मागच्या बाजूला कुठेतरी लाकडावर लाकूड आपटत होतं, हळू, एका लयीत. मी विचारलं, "काय वाजतंय?"

"कुठं काय?" म्हातारी म्हणाली.

मी निघताना म्हणालो, की मी हे लिहिणार आहे. ती म्हणाली, "लिव. माझंबी लिव. तुझं एकट्याचंच नको लिवू."

तेवढ्यात शाळेतून धाकटी आली. दप्तर टाकून तिनं आधी मला आणि मग जमिनीवरची फडकी पाहिली. जोडलेली. तिनं जन्मापासून अर्धीच पाहिली होती.

"आजी, ही आख्खी कशी झाली?"

म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं. मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे मंजुळाचे, बघणंही तसंच सरळ.

"दुसरी कुठं व्हती?"

"माझ्याकडे," मी म्हणालो.

"इतके दिस?"

"हो."

तिनं दोन्ही तुकडे उचलले, नीट घडी घातली आणि छातीशी धरून ती माझ्यापासून थोडी लांब जाऊन बसली.